लेखणी गलबतावर होती

वाचन: प्रेषितांची कृत्ये 20:17–38 आणि 21:1–6

पौलाने मिलेतला इफिसच्या वडिलांचा निरोप घेतला, ती हकिकत लूकने तपशिलात लिहून ठेवली आहे. पौल घाईत होता. पेंटेकॉस्टपर्यंत यरुशलेम गाठायचं, म्हणून तो इफिसला न थांबता थेट मिलेतला उतरला आणि तिथून मंडळीच्या वडिलांना बोलावणं धाडलं. (लहानशा मंडळीत काही काळ राहून आलेल्या कुणालाही यातलं शहाणपण कळेल. इफिसला उतरला असता तर घरोघरी जेवणं झाली असती आणि सण हुकला असता.) वडील पन्नासेक किलोमीटरवरून आले. पौल बोलला, सगळ्यांनी गुडघे टेकले, गळ्यात पडून रडले. आता आपली भेट होणार नाही, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं होतं, आणि तेच त्यांच्या जिव्हारी लागलं. मग सगळे त्याला गलबतापर्यंत पोचवायला गेले.

पुढची ओळ समुद्रावरची आहे. कोस, मग रोडस, मग पातरा, तिथे दुसरं गलबत मिळालं, कुप्र डाव्या हाताला राहिलं. लूक त्याच प्रवासात होता, ‘आम्ही’ म्हणूनच लिहितो. इफिसचे वडील कसे परतले, वाटेत काय बोलले, पुढच्या उपासनेला कोण उभं राहिलं, याबद्दल त्याच्याकडे अक्षर नाही. असणार कुठून? तो गलबतावर होता आणि लेखणीही त्याच्याबरोबर होती.

निरोपाच्या बहुतेक गोष्टी अशाच जाणाऱ्याच्या हातच्या असतात. मिशनऱ्यांच्या आठवणी घ्या, परदेशी सेवा करून आलेल्या तरुणांची पत्रं घ्या; शेवटचं प्रकरण ठरलेलं. बोट सुटते, किनारा लहान होतो, डोळे भरून येतात. मीही गलबतावरूनच लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आयोना बेटाच्या शेजारच्या मोठ्या बेटावर, एका लहान मंडळीत मी स्वयंसेविका म्हणून राहिले. पाळक एकच आणि त्यांच्यावर आणखीही चर्चेसचा भार. रविवारी पंधरा-वीस माणसं जमत, निम्म्यांच्या हातात काठ्या. 1950 च्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद तेरा लाखांच्या घरात होते, आज ते तीन लाखांच्याही खाली आले आहेत. इमारती विकल्या जाताहेत. मी गेले तेव्हा आमच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांना वाटलं, मी ऋण फेडायला निघाले आहे. मी जालन्याकडची. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ते स्कॉटिश मिशनच्याच कामातून. तेव्हा हिशेब जुळतो खरा. पण ही ऋण फेडण्याची भाषा मला कधी पटली नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना कुणाकडून काही येणं नव्हतं. त्यांना शनिवारी संध्याकाळी हॉलचा हीटर सुरू करणारं, रविवारी चहाची किटली सांभाळणारं आणि गुरुवारी औषधांच्या दुकानातून गोळ्या आणून देणारं माणूस हवं होतं.

चर्चच्या मागच्या खोलीत भिंतीवर आजवरच्या पाळकांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या होत्या. दाढीवाले, मग मिशीवाले, मग सफाचट. स्वयंसेवकांची तसबीर कोण लावतो? त्यांची नोंद होती ती हॉलच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला खिळ्यावर टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर. त्यावर साल छापलेलं नव्हतं, महिना संपला की पान उलटायचं आणि डिसेंबरनंतर पुन्हा पहिल्यापासून. मंडळीतल्या नावांच्या अधेमधे वेगवेगळ्या शाईत आणखी नावं होती. कुणी जर्मन मुलगा, कुणी हंगेरीची मुलगी, केनियाचं एक जोडपं. सगळी कधीच निघून गेलेली. सेशन क्लार्कचं, म्हणजे मंडळीच्या चिटणिसाचं, काम बघणाऱ्या बाई ऐंशीच्या आसपासच्या. त्यांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ शेवटपर्यंत धजली नाही. यातले पत्रं लिहितात का, असं मी त्यांना एकदा विचारलं. “एखाद-दुसरा नाताळला लिहितो,” त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांची नावं कशाला ठेवलीत? “त्यांचा दिवस आला की प्रार्थनेत घ्यायला बरं पडतं.” एवढं बोलून त्या कप विसळायला लागल्या.

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की निघण्याचं दुःख मला एकदाच होणार आहे. यांचं दर एक-दोन वर्षांनी ठरलेलं आहे. नवं माणूस येणार, त्याला रस्ते दाखवायचे, त्याचे उच्चार समजून घ्यायचे, त्याला थंडी वाजते म्हणून ब्लँकेट काढून द्यायचं, जीव लावायचा. आणि तो रुळला रे रुळला की त्याचा व्हिसा संपणार. शहाण्या माणसाने दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हात आखडता घेतला असता.

पौलाच्या त्याच प्रवासात पुढे लागलेल्या सोरच्या मंडळीचं मला म्हणूनच फार अप्रूप वाटतं. इफिसला पौल तीन वर्षं होता. तिथले वडील रडले, ते समजण्यासारखं आहे. सोरला तो फक्त सात दिवस राहिला, तेसुद्धा गलबताचा माल उतरवायचा होता म्हणून. तरीही निघताना सगळे बायकामुलांसह गावाबाहेर किनाऱ्यापर्यंत आले आणि वाळूत गुडघे टेकले. एका आठवड्याच्या ओळखीवर! पोरांना तर हा बाबा कोण, हेही नीट कळलं नसेल. आणि गंमत म्हणजे मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, हे लूक इथे सांगतो: ते घरी परत गेले. तीन वर्षांच्या सोबत्यांच्या वाट्याला न आलेली एवढीशी नोंद सात दिवसांच्या यजमानांना मिळाली.

माझा निरोप इतका साधा झाला की आपल्याकडे त्याला कुणी निरोप समारंभ म्हटलंच नसतं. जालन्यात शाल, नारळ, अध्यक्षीय भाषण, प्रत्येकाचे ‘दोन शब्द’ आणि शेवटी ग्रुप फोटो, यातून सुटका नाही. तिथे उपासनेनंतर सूप आणि सँडविच. बाईंनी उभं राहून आभार मानले, एक पाकीट हातात ठेवलं आणि त्याच दमात पुढच्या महिन्याची चहाची पाळी वाचून दाखवली. माझ्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं होतं. क्षणभर टोचलं. मग मी कपाटाची किल्ली, संडे स्कूलची हजेरीवही आणि गुरुवारच्या गोळ्यांची यादी त्यांच्या हवाली केली. पौलाच्या मिलेतच्या भाषणातही रडण्याच्या आधी असाच रोखठोक हिशेब आहे: कुणाच्या सोन्यारुप्याचा, वस्त्राचा लोभ धरला नाही, या हातांनी कमावून खाल्लं, आता कळप तुम्ही सांभाळा.

त्या रविवारी ओठांवर येऊनही मी एक वाक्य बोलले नाही: पुन्हा येईन. ते बोलायला काहीच लागत नाही आणि बोलणाऱ्याला हलकंही वाटतं. पण मागे राहणारा त्या वाक्याची वाट पाहत बसतो. पौलाने ती सोय स्वतःला दिली नाही, त्यांनाही दिली नाही. ऐकणाऱ्यांना तो त्या दिवशी कठोर वाटला असेल.

मागे राहिलेल्यांनी लिहिलेली निरोपाची गोष्ट मला त्याच भागात सापडली. संत कोलंबा 563 साली आयर्लंड सोडून आयोनाला आला. 597 साली तो वारला. हे सगळं लिहिलं अ‍ॅडमनानने, शंभरेक वर्षांनी. तो आयोनाचाच नववा मठाधिपती, म्हणजे मागे राहिलेल्यांपैकी. म्हणून त्याच्या गोष्टीत दुधाची भांडी वाहणारा पांढरा घोडा आहे. तो म्हाताऱ्या कोलंबाच्या छातीवर डोकं टेकून रडू लागला. चाकर त्याला हाकलायला धावला तेव्हा कोलंबानेच त्याला अडवलं. म्हणूनच त्यात 34 व्या स्तोत्राची नक्कलही आहे. पान संपलं तिथे, स्तोत्राच्या मध्यावर, कोलंबाने लिहिणं थांबवलं आणि पुढचं बैथेनीला लिहायला सांगितलं. बैथेनी त्याच्यामागून मठाधिपती झाला.

कोलंबाच्या अंत्यविधीला आसपासच्या मुलखातून माणसं लोटतील, असा सगळ्यांचा अंदाज होता. पण तीन दिवस, तीन रात्री असं वारं सुटलं की दीडएक किलोमीटरची खाडी ओलांडून एकही होडी येऊ शकली नाही. बेटावरच्या माणसांनीच सगळं केलं.