साथ नसलेल्या वर्षांसाठी

पुणे, १२ एप्रिल

चि. छोटी,

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेला परीक्षकांचा अभिप्रायही दोनदा वाचला. संशोधन निधीसाठीचा पहिलाच प्रस्ताव नामंजूर झाला, वाईट वाटणारच. पण त्याहून मला लागलं ते तुझं शेवटचं वाक्य. 'वाळूमाशीवर आता कोण पैसे देणार, मावशी? त्यापेक्षा कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून लस शोधायचा एखादा विषय धरते, तिकडे प्रस्तावांचे कॉल भरपूर निघतायत.' रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आत लिहायला बसले आहे.

विषय बदलू नकोस. अर्ज बदल. हे का म्हणते ते नीट सांगते, कारण नुसत्या वडीलकीच्या शब्दावर तू ऐकणारी नाहीस, आणि ऐकूही नयेस.

तू नागपुरात नोकरीला आहेस. १९६५ साली त्याच नागपुरात तापाची मोठी साथ आली होती, डेंगी आणि चिकुनगुनियाची. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये तिथले रक्ताचे नमुने तपासले गेले आणि त्यांतल्या दोन रुग्णांच्या रक्तात वेगळाच विषाणू निघाला. गावाच्या नावावरून त्याचं नाव पडलं चांदीपुरा. पुढे महाराष्ट्रातल्याच वाळूमाश्यांमध्ये तो सापडल्याची नोंद १९७० साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर? ताप येतो आणि जातो, एवढीच त्याची ओळख राहिली. असल्या विषाणूवर कोण आयुष्य घालवणार, असंच तेव्हाही म्हटलं गेलं असेल.

२००३ च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात मुलं मरायला लागली. ३२९ मुलं आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. त्याच वर्षी आपल्याकडेही रुग्ण निघाले, २००७ साली नागपूर विभागात पुन्हा साथ आली. सकाळी ताप, मग उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत मूल हाताला लागत नाही. तपासणी केली तर कारण तेच, १९६५ साली आपल्याच नागपुरात सापडलेला विषाणू. २०२४ मध्ये गुजरात. जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वरासारख्या आजाराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला. वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ, असं जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलं. आजही या आजारावर लस नाही, नेमकं औषध नाही.

माझ्या सगळ्या नोकरीत मी हेच बघितलं आहे. पैसा साथीबरोबर येतो आणि साथीबरोबर जातो. साथ आली की महिन्याभरात कॉल निघतो, तीन महिन्यांत निकाल मागतात. ती ओसरली की आदल्या वर्षी मंजूर झालेल्या प्रकल्पाचा दुसरा हप्तासुद्धा रखडतो. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तहान भागली की अर्धी खणलेली बुजवून टाकायची. म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे. साथ नसलेल्या वर्षांसाठी पैसे माग, आणि तसं अर्जात उघड लिही.

विहीर आधी खणलेली असली की काय होतं, त्याचंही उदाहरण पुण्यातच आहे. १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) यांनी मिळून ते व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. हीच आजची एनआयव्ही. कीटकांमधून पसरणारे विषाणू शोधायला माणसं नेमली, कीटकतज्ज्ञ घेतले, प्राणिगृह उभारलं. पाच वर्षांनी, १९५७ साली, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडायला लागली, पाठोपाठ माणसं. तेव्हा पुण्याची माणसं तयार होती. विषाणू सापडला, तो गोचिडीतून पसरतो हेही कळलं. तो माकडताप पुढे सिंधुदुर्गात आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आला, तेव्हा त्याचं नाव-गाव आपल्याला आधीपासून ठाऊक होतं. १९५२ साली घातलेले पैसे अशा रीतीने साठहून अधिक वर्षांनी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या काजूबागेत काम करणाऱ्या बाईच्या उपयोगी पडले.

तुला कुणी हाफकिनची गोष्ट सांगेल. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगमध्ये त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला स्वतःला टोचून घेतली, आणि तू मात्र निधीची तक्रार करतेस! ही गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण ती अर्धीच सांगतात. १८९९ साली सरकारने परळचं जुनं गव्हर्नमेंट हाउस प्लेगच्या प्रयोगशाळेसाठी दिलं, तेव्हाच ते काम टिकलं. तरुण संशोधकाने उपाशी राहून मोठं काम करावं ही अपेक्षा मला मान्य नाही. ती अपेक्षा करणाऱ्यांचे पगार वेळेवर होतात.

नव्या विषयामागे धावणाऱ्यांचं काय होतं तेही बघ. २०२० साली आपल्या ओळखीतल्या कितीजणांनी हातातलं काम सोडून कोविडचे प्रस्ताव लिहिले! गरज होती, मी त्यांना दोष देत नाही. पण त्या वर्षी देशात क्षयाच्या रुग्णांची नोंद २४ लाखांवरून १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे हात कमी झाले होते. आज जिकडे कॉल भरपूर आहेत तिकडे अर्जही भरपूर असतात, आणि त्या विषयात दहा वर्षं मुरलेली माणसं तुझ्या पुढे उभी असतात. वाळूमाशी ओळखणारी माणसं आपल्या देशात किती राहिली आहेत? सूक्ष्मदर्शकाखाली मादीची शुक्रधानी बघून जात सांगता येणारी, संध्याकाळी गोठ्यात उकिडवं बसून भिंतीच्या भेगेतून नळीने माशी ओढून घेणारी? तुला ते येतं. जेमतेम तीन मिलिमीटरची माशी, पंख उभे धरून बसते, उडते तीही टुणटुण उड्या मारत, आवाज नाही. शेजारचा म्हणेल इथे काहीच नाही, आणि तू दोन मिनिटांत सहा पकडशील. ते कसब हाच तुझ्या अर्जाचा कणा आहे, आणि तू अर्जात त्यावर एक ओळही लिहिलेली नाहीस.

आता परीक्षकाने लिहिलेलं 'नावीन्य नाही' हे बघू. मी तुझा प्रस्ताव त्याच्या जागी बसून वाचला. पहिली दोन पानं जगभरातल्या संसर्गजन्य आजारांच्या आकड्यांची आहेत. ते परीक्षकाला पाठ असतात. तुझा खरा प्रश्न पाचव्या पानावर आहे: पावसाळा संपल्यावर हा विषाणू राहतो कुठे? संसर्ग झालेल्या मादीकडून तो अंड्यांत उतरतो हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण विदर्भातल्या गोठ्यात, मातीच्या भिंतीत, उन्हाळ्याचे कोरडे महिने तो कसा तग धरतो? हा प्रश्न पहिल्या ओळीत आण. कोणती गावं, का तीच, कोणत्या महिन्यांत किती सापळे, तीन वर्षांनी काय कळलेलं असेल, आणि विषाणू सापडलाच नाही तरी काय हाती लागेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. लस देईन, निदानाचा किट देईन असली वचनं देऊ नकोस. ती पाळता येत नाहीत आणि अनुभवी परीक्षकाला ती वाचताच कळतात.

योजनांबद्दल थोडक्यात. निधी देणाऱ्या सर्बची (SERB) जागा २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. त्यांच्या नव्या प्राध्यापकांसाठीच्या योजना बघ. आयसीएमआर आहेच. बायोटेक्नॉलॉजी विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांनी २००८ साली सुरू केलेल्या इंडिया अलायन्सकडे मात्र मी तुला मुद्दाम बघायला सांगते, कारण ते प्रकल्पापेक्षा माणसावर पैसे लावतात आणि लांब मुदतीचे देतात. तुझ्या प्रश्नाला लांबच मुदत हवी. प्रत्येक ठिकाणी वयाची आणि पीएच.डी.नंतरच्या वर्षांची अट वेगळी आहे, ती आज वाच, शेवटच्या आठवड्यात नको.

अंदाजपत्रकावर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे. त्याचं कारण तुला आजवर सांगितलेलं नाही.

मी प्रकल्पप्रमुख झाले त्याच्या दुसऱ्या वर्षाची गोष्ट. उणे ८० अंशांचा डीप फ्रीजर नॉन-रिकरिंगमध्ये, म्हणजे एकदाच होणाऱ्या खर्चात, मिळाला होता. त्याच्या एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, पैसे मी मागितले नव्हते. रक्कम फुगलेली दिसेल असं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्रेसर गेला. पाडव्यानंतर येऊन झाकण उघडलं तर बर्फ नव्हता. खोक्यांच्या तळाशी पाणी साचलेलं, त्यात व्हायल्स तरंगत होत्या, लेबलांवरची शाई सुटून पाणी निळसर झालं होतं. दोन पावसाळे, अकरा गावं. त्यांतले काही नमुने मरण पावलेल्या मुलांचे होते. त्यांच्या आईबापांनी त्या अवस्थेत संमतीपत्रावर अंगठे उठवले होते. संस्थेने चौकशी केली आणि सुट्टीत जनरेटरकडे कुणी बघायचं हे कुणालाच ठरवून दिलेलं नव्हतं एवढं लिहून कागद मिटला. पण एएमसीची ओळ माझ्या हातून राहिली होती. त्या आईबापांकडे पुन्हा जायचं धैर्य मला झालं नाही.

म्हणून एएमसी लिही. यूपीएस लिही. धोक्याचा निरोप मोबाइलवर येणारा अलार्म लिही. जुलै २०२२ मध्ये संशोधनाच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला होता; आज जो दर असेल तो धरूनच किंमत लिही. जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं, हे धर. सोबत एक फील्ड असिस्टंट माग, गावातलाच, ज्याला कोणाचा गोठा कुठे हे माहीत आहे. जीपचं भाडं 'कंटिन्जन्सीत भागवू' म्हणून सोडू नकोस, भागत नाही. एथिक्स कमिटी आणि जैवसुरक्षा समितीकडे कागद आताच टाक. मंजुरी येऊन पैसे अडकतात ते बहुतेक वेळा इथेच. आणि यूसी, म्हणजे खर्चाचा विनियोग दाखला, दर मार्चनंतर लगेच पाठव. अकाउंट्समधल्या माणसाला अडचणीच्या वेळीच नव्हे, एरवीही भेटत जा. त्याला तुझं काम काय आहे ते सांग. मी सांगितलं होतं, आणि पुढे माझी एकही फाइल त्या टेबलावर आठ दिवसांपेक्षा जास्त राहिली नाही.

पहिल्या वर्षाचे पैसे उशिरा येतील असं धरून चाल. हंगाम मात्र थांबत नाही. कामाचं वेळापत्रक मंजुरीच्या तारखेवरून आखू नकोस, पावसावरून आख.

तुझी आई म्हणते, एवढं शिकून पोरगी गोठ्यातल्या माश्या मोजते. तिच्यावर रागावू नकोस. तिला एकदा घेऊन जा, ज्या घरातलं मूल गेलं त्या घरी. मी तिच्याशी बोलेनच.

नवा मसुदा पुढच्या रविवारपर्यंत मला पाठव, पाच पानांच्या वर नको. आणि निकालाची वाट बघत बसू नकोस. वाळूमाश्या पावसाबरोबर वाढतात, दोन महिन्यांत मृग लागेल. माझ्याकडे माळ्यावर दोन लाइट ट्रॅप आहेत, परवाच बॅटरी लावून बघितले, चालतात. मेमध्ये आलीस की घेऊन जा.

तुझी,
मावशी