बावन्न दरवाजे आणि एक पीआर कार्ड

छत्रपती संभाजीनगरात कुणालाही विचारा, आपलं शहर बावन्न दरवाजांचं आहे असं तो अभिमानानं सांगेल. मग नावं विचारा. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, भडकल, मकई, रोशन, रंगीन, फार तर कटकट, आणि गाडी थांबेल. बावन्नांपैकी तटाच्या वेशी किती आणि मोहल्ल्यांच्या कमानी किती, हा अभ्यासकांचा विषय. माझा मुद्दा दुसराच आहे. गेल्या काही वर्षांत स्मार्ट सिटीच्या पैशातून यातल्या काही दरवाजांची डागडुजी झाली, शहागंजचा घड्याळाचा मनोरा सावरला, रात्री दिवे लागले. काम वाईट झालेलं नाही. पडायला आलेली कमान उभी राहिली तर कुणाला वाईट वाटेल? पण दरवाजाची दुरुस्ती हे जुन्या शहरातलं सगळ्यात सोपं काम होतं. त्याला घरमालक नाही, भाडेकरू नाही, भाऊबंद नाहीत. निविदा काढली, ठेकेदार आला, फोटो निघाले. दरवाजातून आत शिरल्यावर दिसणाऱ्या वाड्याला निविदा लागू पडत नाही. तिथे माणसांशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं आपण अजून सुरूच केलेलं नाही.

हे शहर वसलंच मुळी कुटुंबकबिल्यांनी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी गावाजवळ राजधानी उभारली. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा बांधला. १६२६ मध्ये मलिक अंबर गेला, त्याच्या मुलाने गावाला फतेहनगर केलं; १६५३ मध्ये औरंगजेबाने स्वतःचं नाव दिलं आणि १६८२ मध्ये भोवती तट घातला. राजे-सरदारांनी आपापली वस्ती मांडली आणि तिला 'पुरा' जोडला: जयसिंगपुरा, पदमपुरा, करणपुरा, भावसिंगपुरा, बेगमपुरा. बिकानेरच्या करणसिंहाच्या नावाच्या करणपुऱ्यात आजही नवरात्रात देवीची मोठी यात्रा भरते. सरदार आला की त्याच्यामागे कारकून, शिंपी, सुतार, भटजी, मौलवी, हलवाई आपल्या बायकापोरांसह आले. विणकरही आले, रेशीम आणि सूत एकत्र विणलेली हिमरू इथेच नावारूपाला आली.

आणि पाणी. डोंगराकडच्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी हे मलिक अंबराचं खरं स्मारक. वाटेत दाब सांभाळायला उभारलेले दगडी बंबे अजून काही ठिकाणी दिसतात. पाणी हौदांत पडायचं आणि हौदाभोवती वस्ती वाढायची. लोटाकारंजा, मोतीकारंजा ही मोहल्ल्यांची नावं उगाच पडलेली नाहीत. १७४४ मध्ये त्याच विद्येवर पाणचक्की फिरली. आज याच शहरात नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या खंडाने. पैठणचं जायकवाडी धरण पन्नास किलोमीटरच्या आत आहे, नव्या पाणीयोजनेचा आकडा हजारो कोटींत गेला आहे, आणि गुलमंडीच्या मागच्या गल्लीत टाकीवर टाकी चढली आहे. हिमरूच्या शहराला नवी ओळख निळ्या प्लास्टिकच्या टाक्यांनी दिली, असं कुणी म्हटलं तर रागावू नये.

जुन्या शहरातली कुटुंबं बाहेर का गेली, याचं एक उत्तर पाणी हे आहे. दुसरं अर्थातच रोजगार आणि जागा. चिकलठाण्याला, मग वाळूजला औद्योगिक वसाहती आल्या, सिडकोने सत्तरच्या दशकात नवी घरं बांधायला घेतली. १९७१ मध्ये दीड लाखाच्या आसपास असलेलं शहर २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांवर पोहोचलं. थोरला मुलगा सिडकोत गेला, मधला गारखेड्यात, धाकटा पुण्याला. वाड्यात आई-वडील राहिले, नंतर एकटी आई, नंतर कुलूप. जाताना कुणी वाडा सोडून दिला नाही. हक्क तिथेच ठेवून माणसं गेली.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथे आहे. राजाबाजार, पानदरिबा, नवाबपुरा या भागातला एखादा साधा वाडा डोळ्यांसमोर आणा. दगडी जोतं, वर विटांची भिंत, सागवानी खांब, आत चौक, वर माडी, रस्त्याच्या बाजूला दोन दुकानगाळे. नगर भूमापन कार्यालयात त्याचं मालमत्ता पत्रक असतं. लोक त्याला पीआर कार्ड म्हणतात. त्यावर नाव आजोबांचं. ते जाऊन चाळीस वर्षं झाली, वारसनोंद कुणी केली नाही, कारण केली असती तर आत्यांची नावंही लागली असती. आता वारस चौदा झाले. त्यातले दोन अमेरिकेत, एका शाखेचं दुसरीशी बोलणं नाही. खालच्या गाळ्यातला दुकानदार आजोबांच्या काळापासून आहे आणि त्याचं भाडं चहापाण्याला पुरेल इतकं. मराठवाड्यात आधी हैदराबादचा १९५४ चा भाडेकायदा होता. ३१ मार्च २००० पासून राज्याचा एकच कायदा लागू झाला, पण जुन्या भाडेकरूचं संरक्षण कायम राहिलं, आणि ते राहायलाच हवं होतं. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात कौलं कशाला बदलू? भाडेकरू म्हणतो, घर माझं नाही, मी का बदलू? पावसाळ्यात तुळई कुजते. मग एक दिवस महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि त्या चौदा जणांमध्ये पहिल्यांदाच एकमत होतं: पाडून टाका.

वाडा दुर्लक्षाने पडतो असं आपण सहज म्हणतो. मला तो हिशेबाने पडतो असं वाटतं. दुरुस्त करणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, पाडणाऱ्याच्या पडतं. हा हिशेब बदलल्याशिवाय वारशावरची भाषणं किती करायची?

जुन्या शहरात आणखी एक मालक आहे, आणि त्याचं नाव घ्यायला लोक कचरतात: वक्फ. मशिदी, दर्गे, त्यांना जोडलेली दुकानं, घरं, कब्रस्तानं असा बराच भाग वक्फच्या नोंदीत आहे. गंमत म्हणजे राज्याच्या वक्फ मंडळाचं मुख्यालय पाणचक्कीच्या आवारातच आहे. म्हणजे पाण्याच्या जुन्या हिशेबाचं स्मारक आणि जमिनीच्या आजच्या हिशेबाचं दप्तर एका कुंपणात आहेत. वक्फच्या भाडेकरूला, मग तो हिंदू असो की मुसलमान, तेच प्रश्न छळतात जे वाड्यातल्या भाडेकरूला छळतात. जुनं शहर वाचवण्याच्या चर्चेत वक्फचा अधिकारी, नगर भूमापनचा अधिकारी आणि महापालिकेचा अभियंता एका सतरंजीवर बसलेले पाहण्याचा योग माझ्या वाट्याला आलेला नाही.

त्याऐवजी आपल्याकडे जो लोकसहभाग होतो त्याचे ठरलेले प्रकार आहेत. शाळकरी मुलांची घोषवाक्य स्पर्धा, भिंतीवर चित्रं, रविवारी सकाळी वारसाफेरी. फेऱ्यांना मी नाक मुरडणार नाही. डॉ. दुलारी कुरेशी आणि रफत कुरेशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी हा इतिहास लिहिला, लोकांपुढे मांडला, म्हणून आज चार तरुण भडकल दरवाजासमोर मान वर करून उभे राहतात. पण फेरीला येणारा बहुतेक वेळा सिडकोतून येतो, ज्याच्या घरावरून फेरी जाते तो दारात उभा राहून बघतो. पाहुणा आणि यजमान यांची अदलाबदल झाली आहे.

त्यात एक विचित्र योगायोग घडला. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचहून अधिक वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. दरवाजांची बरीचशी कामं याच काळात झाली. कामं भराभर झाली, हेही खरं. नगरसेवक असते तर निम्मी अडली असती असं म्हणणारे बरेच भेटतात. ते खोटं नसेलही. पण अडवणारा नगरसेवक निदान गल्लीतल्या कुणाच्या तरी सांगण्यावरून अडवतो. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभांची तरतूद केली, ग्रामसभेसारखी शहरातली सभा. किती वाचकांनी अशी सभा पाहिली आहे? औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईचं काय झालं ते बघा. जुनी मंडई पाडली, खासगी विकासकाकडून नवी बांधून घ्यायचं ठरलं आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. भाजीवाल्या बाया रस्त्यावर आल्या, रस्ता अरुंद झाला, मग अतिक्रमण हटाव पथक त्यांच्याच मागे लागलं. आधी त्यांच्याशी नीट बोलणं झालं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता: काम संपेपर्यंत आम्ही बसायचं कुठे?

इटलीतल्या बोलोन्याची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९७३ मध्ये त्या नगरपालिकेने जुन्या शहराची योजना आखली. तिच्यामागे पिएर लुईजी चेर्वेलाती नावाचा वास्तुकार होता आणि त्याचं सूत्र असं, की इमारती वाचवायच्या तर त्यांत राहणारी कामकरी कुटुंबंही तिथेच वाचली पाहिजेत. पालिका तेव्हा कम्युनिस्टांकडे होती, त्यामुळे पहिला विचार घरं संपादित करण्याचा होता. लहान घरमालक बिथरले. पालिकेने माघार घेतली आणि दुसरा मार्ग काढला: मालकाला दुरुस्तीसाठी पैसा देऊ, त्याबदल्यात भाडं मर्यादेत ठेवायचं आणि दुरुस्तीनंतर जुन्या भाडेकरूला परत घ्यायचं. प्रत्येक भागाच्या स्थानिक समितीत यावर वाद झाले, मग करार झाले. त्या शहराला याची जुनी सवय आहे. १२८८ च्या नियमानुसार घर बांधणाऱ्याने रस्त्याच्या बाजूला छप्पर असलेली ओवरी ठेवायची, ती सर्वांना मोकळी, देखभाल मालकाची. त्या ओवऱ्या २०२१ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. आपल्याकडे अहमदाबादने हाच हिशेब थोडा वेगळा मांडला. २०१७ मध्ये ते जागतिक वारसा शहर झालं; तिथल्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांतल्या, घरमालकाला घर टिकवल्याबद्दल बांधकामाचा हक्क विकता येतो. महाराष्ट्राच्या नियमावलीतही वारसा इमारतीच्या मालकाला असा टीडीआर, म्हणजे विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोय आहे. पण ज्याच्या पीआर कार्डावर मेलेल्या आजोबांचं नाव आहे, त्याला टीडीआर मिळणार कसा? कागद फिरून पुन्हा तिथेच येतो.

बोलोन्याचं उदाहरण देऊन मोकळं होता येत नाही, कारण आपलं जुनं शहर एकजिनसी नाही. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज या भागात दंगल झाली, दुकानं जळाली, माणसं मेली. त्याआधी धुमसत असलेल्या कारणांत बेकायदा नळजोडण्या तोडण्यावरून झालेला वादही होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. पाण्याचा हौद जिथे लोकांना एकत्र बसवत होता तिथे नळ ठिणगी ठरला. अशा मोहल्ल्यात 'सर्वांनी मिळून ठरवा' असं म्हणणं सोपं आहे. शहराच्या बदललेल्या नावावरूनही घराघरांत वेगवेगळ्या भावना आहेत. तरी मला आशा वाटते ती भावनेवरून नव्हे, व्यवहारावरून. ग्रामदैवत संस्थान गणपतीच्या मिरवणुकीची वाट आणि रमजानचा रात्रीचा बाजार याच अर्ध्या मैलात आहेत. सराफ्यातला मालक, त्याचा कारागीर, त्याचं गिऱ्हाईक हे एका जातीधर्माचे नसतात. छप्पर दोघांचंही गळतं.

आणि विचारलं तर लोक येतात, याचा पुरावा तटाला लागूनच वाहतो. खाम नदी गटार म्हणूनच ओळखली जात होती. महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून तिच्या पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं. पात्र साफ करणं हा त्यातला दिसणारा भाग. न दिसणारा भाग म्हणजे काठावरच्या वस्त्यांत दारोदार जाऊन कचरा नदीत का जातो हे विचारणं. उत्तर बहुतेकदा साधं असतं: घंटागाडी आमच्या गल्लीत शिरतच नाही. गाडीची वेळ आणि वाट बदलली की कचऱ्याची वाटही बदलते. नदी पूर्ण सुधारली असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात प्रश्न विचारण्यापासून झाली.

लोकांना विचारलं की ते शहाणपणाचंच बोलतील, असा माझा भाबडा समज नाही. कित्येक वारसांना वाडा नकोच आहे. त्यांना खाली गाळे आणि वर फ्लॅट हवेत. दुकानदारांना फूटपाथ नको, पार्किंग हवं. रस्ता रुंदीकरणात घरांचे दर्शनी भाग गेले तेव्हा काहींनी रडत आणि काहींनी हसत मोबदला घेतला. दमडी महाल रस्त्यासाठी पाडला गेला तेव्हा हळहळ अभ्यासकांना झाली, शेजाऱ्यांतल्या सगळ्यांना नाही. हे मतभेद ऐकून घ्यावे लागतील. काही वाडे जातील. पण जो वारस तीन खोल्या दुरुस्त करून आईला परत आणू इच्छितो, त्याला आज एकही खिडकी उघडी नाही, आणि तो अल्पसंख्य असला तरी जुनं शहर त्याच्याच जिवावर टिकणार आहे.

म्हणून सुरुवात एका गल्लीपासून करावी. पाच वर्षांचा आराखडा नको, सल्लागार कंपनी तर नकोच. नवाबपुऱ्यातली घ्या किंवा राजाबाजारातली, भांडण होईल तिथे आधी जा. नगर भूमापनवाल्यांनी पीआर कार्डांचा गठ्ठा घेऊन गल्लीतच बसावं, वारसनोंदी तिथेच लावून द्याव्यात. वक्फच्या माणसाने आपल्या भाडेपावत्या आणाव्यात. महापालिकेने पाण्याचं आणि ड्रेनेजचं आधी बोलावं, कौलांचं नंतर. सिडकोत राहणाऱ्या वारसांना पत्र पाठवून बोलवा. आत्यांना आणि लेकींनाही, त्यांची नावं कागदावर यायची आहेत. भाडेकरूला खुर्ची द्या. बायकांशी वेगळं बसून बोला, कारण पाणी भरणारी, जिना चढणारी, बाजारात स्वच्छतागृह शोधत फिरणारी तीच असते आणि मिश्र बैठकीत ती मागे उभी राहते. हिमरूचा एखादा माग अजून चालू असेल तर त्या कारागिराला 'कलाकार' म्हणून शाल देऊ नका. त्याच्या मागाच्या खोलीचं वीजबिल कोणत्या दराने येतं ते विचारा.

बैठकीची वेळ मात्र विचारून ठरवावी. सकाळी अकराला, म्हणजे साहेबांच्या सोयीने ठेवली तर दुकानं उघडायची वेळ असते, कुणी फिरकणार नाही. रमजानात संध्याकाळी नको, गणपतीच्या दहा दिवसांत नको. आणि नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी तर मुळीच नको. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत कुणीही घराबाहेर पडत नाही.