वैशाखातली दोन उत्तरं

कॉम्रेड्स मॅरेथॉन जूनमध्ये असते आणि दक्षिण आफ्रिकेत तेव्हा हिवाळा असतो. पहाटे डर्बनला किंवा पीटरमॅरित्झबर्गला, ज्या वर्षी जिथून सुटायचं तिथे, लोक कुडकुडत उभे राहतात आणि अंगातले जुने स्वेटर धावता धावता रस्त्याकडेला भिरकावतात. अंतर जवळजवळ ९० किलोमीटर, मुदत १२ तास. पण मुंबईकराला त्या थंडीतल्या धावेची तयारी करावी लागते एप्रिल-मेमध्ये, पंख्याखाली नुसतं बसूनही मानेवरून घाम ओघळतो त्या दिवसांत.

मी मुलुंड पश्चिमेला राहते. पन्नाशी ओलांडली आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रविवारी पहाटे साडेतीनला निघते. लालबहादूर शास्त्री मार्गाने भांडुप, कांजूर, गांधीनगरला वळून पवई. आरेत शिरताना फटफटलेलं असावं असा हिशोब ठेवते, कारण अंधारात ते बिबट्यांचं गाव आहे. मग गोरेगाव, हायवेच्या कडेने बोरिवली, आणि नॅशनल पार्कच्या फाटकातून आत कान्हेरीच्या चढापर्यंत. तीसेक किलोमीटर होतात. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा बोगदा याच डोंगराखालून जाणार आहे. तो झाला की गाडीतून जाणारे माझा सगळा वळसा काही मिनिटांत संपवतील. परतताना बोरिवली-दादर-मुलुंड लोकल. शेजारची बाई सरकून बसते, आणि तिचं काही चुकत नाही.

नागपूरकर या उन्हाळ्याला हसतात. मेमध्ये सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३३-३४ अंशांच्या आसपास असतो, त्यात काय एवढं? पण शरीर घाम आल्याने थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम टपकून रस्त्यावर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आमच्या दमट हवेत तो टपकतोच. बुटात पचपच आवाज येतो आणि आतली भट्टी तशीच राहते. त्यात या वयात बाईला अधूनमधून आतूनही वाफा येतात. हवामान खातं त्यांचा इशारा देत नाही.

दहा-चौदा दिवस सातत्याने उन्हात व्यायाम केला की शरीर बदलतं. रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, त्याच वेगाला नाडी खाली राहते. यात जिद्दीचा वाटा फार थोडा. ‘ऊन मनाने सोसायचं असतं’ असं म्हणणारे ग्रुपमध्ये असतात, पण रक्ताचे रिपोर्ट बघण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला ते पटत नाही. सोडियम १३५ ते १४५ मध्ये हवं म्हणजे हवं. घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर ते खाली येतं आणि माणूस बरळायला लागतो. हा धोका जगाच्या ध्यानात आणून देण्यात टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकी संशोधकाचा मोठा वाटा आहे, आणि त्याची सुरुवातीची उदाहरणं या कॉम्रेड्समधलीच होती.

समोरच्या बेनचं यंदा वर्षीतप होतं. तेराएक महिने एक दिवस उपवास, दुसऱ्या दिवशी बियासणं म्हणजे दोनच जेवणं. उपवासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्तानंतर बंद. सांगता अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने. ऋषभदेवांनी आपला दीर्घ उपवास असाच सोडला म्हणून. म्हणजे त्यांचे शेवटचे, कडक उन्हाचे आठवडे आणि माझ्या सगळ्यात लांब धावा एकाच सुमाराला आल्या. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, “तुमी पण तप करते ने?”

“नाही हो, शर्यत आहे.”

“पयला नंबर येनार?”

“छे. शेवटच्या हजारात आले तरी पुष्कळ.”

“मग?”

हा ‘मग’ मी पवई तलावाच्या कडेने पुष्कळ रविवार घोळवला आहे. शरीराला मुद्दाम कष्ट देण्यात काही अर्थ असतो का? आणि असला तर तो कष्टात असतो, की आणखी कशात?

वैशाखातच या प्रश्नाची दोन मोठी उत्तरं एकमेकांच्या जवळ येऊन बसली आहेत. जैन परंपरेप्रमाणे महावीरांना केवलज्ञान झालं ते वैशाख शुद्ध दशमीला, ऋजुपालिका नदीच्या काठी. दोन दिवसांहून जास्त निर्जळी उपवास, गाय दोहताना बसतात तसं उकिडवं आसन, आणि अंग उन्हाला दिलेलं. उन्हात असं मुद्दाम तापण्याला त्यांच्याकडे आतापना म्हणतात. त्यानंतर पाचच तिथींनी वैशाखी पौर्णिमा. बौद्ध परंपरा सांगते की त्या दिवशी गौतम झाडाखाली बसला होता, सावलीत, आणि सुजाताची खीर खाऊन. सहा वर्षं देह वाळवून पाहिल्यावर त्याने तो मार्ग सोडला होता. एक उन्हात, एक सावलीत. एक उपाशी, एक जेवलेला. महिना एकच, उन्हाळाही तोच.

बेनच्या परंपरेत तापण्याला नेमका हिशोब आहे. बांधलेली कर्मं तपाने झडतात, त्याला निर्जरा म्हणतात. कायक्लेश हा बाह्य तपाच्या सहा प्रकारांतला एक. कष्टाला तिथे काम नेमून दिलेलं आहे. दुसऱ्या परंपरेचं उत्तर मला कान्हेरीला दगडात दिसतं. शंभरहून अधिक लेणी आहेत, आणि कितीतरी लेण्यांच्या बाजूला कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरउतारावरचं पावसाचं पाणी पन्हळींनी त्यात आणून सोडलेलं. शिलालेखांत त्याला पोढी म्हणतात, आणि सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी तिथे दिलेल्या दानांच्या नोंदी सापडतात. संसार सोडलेल्या माणसांनी मेच्या पाण्याची सोय मात्र आधी करून ठेवली. तीस किलोमीटर पळून त्या टाक्यापाशी उभं राहिलं की बुद्धाचा मुद्दा चटकन पटतो. अर्थात त्या वेळी मला पाण्याच्या बाजूने बोलणारा कुठलाही धर्म पटला असता.

आमच्या घरी सासरे, म्हणजे अण्णा, ज्ञानेश्वरी वाचतात. त्यांच्याकडे हा ‘मग’ नेला तेव्हा त्यांनी सतरावा अध्याय काढून दिला. आधी मी चौदावा श्लोक पाहिला, शरीराच्या तपाचा. त्यात ऊन नाही, उपास नाही, एका पायावर उभं राहणं नाही. पूजा, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा आहे. अहिंसा चक्क शरीराच्या तपात! देहातल्या भूतसमूहाला पिळणाऱ्यांना तर गीतेने अध्यायाच्या सुरुवातीलाच आसुरी ठरवलं आहे. पंचाग्नीत बसणं, डोक्यावर गुग्गुळ जाळणं, पाठीत गळ टोचून घेणं या सगळ्याची ज्ञानदेव तामस तपात वासलात लावतात. आणि अठरावा श्लोक वाचताना मला स्वतःचा फोन आठवला: सत्कारासाठी, मानासाठी, दंभाने केलेलं तप राजस. रविवारी स्ट्रावावर नकाशा चढवायचा, खाली ‘फील्स लाइक ४१’ लिहायचं आणि अंगठे मोजत बसायचं; हे गीतेत नुसतं सुचवलेलं नाही, जवळजवळ नावानिशी आहे.

तरी माझा एक दावा आहे, आणि तो अण्णांनाही पूर्ण खोडता आलेला नाही. उन्हातल्या लांब धावेत कठीण भाग सोसण्याचा नसतोच. सोसायला अहंकार मदतच करतो. चार लोक बघत असले तर माणूस वाट्टेल ते सोसतो. कठीण असतं ते ऐकणं. जानेवारीत टाटा मुंबई मॅरेथॉनला ज्या वेगाने पळालो तो मेमध्ये मिळणार नाही हे मान्य करून किलोमीटरमागे मिनीट-दीड मिनीट सोडून द्यायचं. नाडी चढली की भर रस्त्यात, ओळखीचे बघत असताना, चालायला लागायचं. बेत ४० चा असला आणि बोरिवलीच्या फाटकाशी अंगावर शहारा आला, घाम एकदम थांबला, की तिथूनच स्टेशन गाठायचं. देहावरची अहिंसा उन्हात याच रूपात भेटते. तिला लाइक मिळत नाहीत, आणि तेच तिचं प्रमाणपत्र म्हणायला हवं.

श्रद्धेने यात सूट मिळत नाही, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो श्रीसदस्य, म्हणजे पुरस्कारार्थींचे अनुयायी, तासन् तास उन्हात शिस्तीत बसले. उष्माघाताने १४ जण गेले. निष्ठा कमी होती म्हणून नव्हे. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं की आतल्या यंत्रणा कोलमडतात, मग माणूस भक्त असो की धावपटू. आणि माझ्या वाटेवर रस्त्याच्या काँक्रीटवर गोणपाट भिजवणारे मजूर असतात. ते त्याच उन्हात माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ काढतात आणि त्याला कोणी तप म्हणत नाही. बरोबरच आहे, त्यांना स्टेशन गाठून घरी जाता येत नाही. निवड नसलेल्या कष्टाला तपाचं नाव देणं ही मालकांची सोय झाली असती.

कॉम्रेड्स १९२१ मध्ये सुरू झाली ती विक क्लॅपम या सैनिकाच्या हट्टाने, पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणासाठी. तिथे १२ तास भरताना अंतिम रेषेवर एक जण येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि ठोक्याला बार काढतो. त्यानंतर दोन सेकंदांनी पोचणाऱ्याला पदक नाही. अण्णांना हे फार आवडलं. त्यांनी विचारलं, “पदक देतच नसते तर गेली असतीस?”

“नाही, अण्णा.”

“मग रजोगुण. लाजू नकोस. त्याचं फळ चंचल असतं एवढंच म्हटलंय, मिळत नाही असं कुठे म्हटलंय?”

मला हे पुरलं. समोरच्या बेनना नाही पुरलं. पदकासाठी एवढं करायचं तर त्यापेक्षा वर्षीतप कर, निदान कर्म तरी झडेल, असं त्यांचं म्हणणं. मी उलट त्यांनाच कान्हेरीपर्यंत चालायला बोलावलं आहे, उन्हं चढायच्या आत. त्या तयार आहेत, पण नवकारशीच्या आधी, म्हणजे सूर्योदयानंतर पाऊण तास होईपर्यंत, त्या पाणी घेत नाहीत आणि मी पाण्याशिवाय कोणालाही त्या चढावर नेणार नाही. निघायची वेळ अजून ठरायची आहे.