ओळखीबाहेरचा पैसा

1913 साली वामनराव लाखे यांनी रायपुरात सहकारी सेंट्रल बँक काढली, तेव्हा पैशाच्या सुरक्षिततेची एकच व्याख्या चालत असे: पैसा ओळखीच्या माणसाकडे असावा. 1904च्या सहकारी पतसंस्था कायद्याने तिलाच कायद्याचं रूप दिलं होतं. जर्मनीतल्या रायफायझनच्या पतसंस्थांच्या धर्तीवर खेड्यातल्या सभासदांची जबाबदारी अमर्याद ठेवलेली. एकाने कर्ज बुडवलं तर शेजाऱ्याच्या घरादारावर बेतणार, म्हणून शेजारी एकमेकांवर डोळा ठेवत. कोण दारूवर पैसे उडवतो आणि कोण बी-बियाण्यावर, हे पारावर फुकट कळे.

पण ओळखीची माणसं एकाच पावसावर जगतात. 1899-1900चा दुष्काळ छत्तीसगडने नुकताच भोगला होता. धान गेलं की सचोटीचा कुणबी आणि लबाड कुणबी एकाच दिवशी हात वर करतात. पारावरची माहिती तिथे कुचकामी ठरते. 1912च्या कायद्याने मध्यवर्ती सहकारी बँकांना वाट मोकळी केली, त्यात यावरचा पहिला उतारा होता. अनेक गावांचा पैसा एका जागी आला, म्हणजे एका गावाचं बुडणं बाकीच्यांनी पेलायचं. जिल्ह्याचाच पाऊस हुकला तर मात्र प्रश्न उरतोच.

गंमत म्हणजे या उताऱ्याचं पुढचं पाऊल चाळीस वर्षं आधीच, ताग विणणाऱ्या एका स्कॉटिश गावात पडलं होतं. डंडीच्या गिरण्यांना बंगालचा ताग लागे आणि गावातला पुष्कळसा पैसा तागात अडकलेला. 1873 मध्ये रॉबर्ट फ्लेमिंगने तिथे स्कॉटिश अमेरिकन इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट काढला आणि गावाची शिल्लक अमेरिकन रेल्वेच्या रोख्यांत लावली. पुढे तागाचा धंदा कलकत्त्याने बराचसा ओढून नेला. ज्याचा पैसा फक्त गिरणीत होता आणि ज्याचा थोडा समुद्रापार होता, त्या दोघांचं म्हातारपण सारखं गेलं नसणार. 1952 मध्ये अर्थशास्त्रज्ञ हॅरी मार्कोविट्झने याच गोष्टीला गणितात मांडलं: एखादी गुंतवणूक किती धोक्याची, यापेक्षा ती तुमच्याकडच्या इतर गोष्टींबरोबर पडते की नाही, हे महत्त्वाचं.

हा निकष आजच्या रायपूरला लावून पाहावा. वडील भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त, मुलगा शहरालगतच्या सिलतरा भागातल्या रोलिंग मिलमध्ये किंवा उरला औद्योगिक वसाहतीत मालवाहतुकीत, फ्लॅट शहरातच आणि शेअर घ्यायचे तर ‘माहितीतले’, म्हणजे पुन्हा पोलादाचेच. चार ठिकाणी पैसा विखुरला असं या घराला वाटतं, पण तो सगळा सळईच्या भावाला बांधलेला आहे. तो भाव सिलतरात ठरत नाही. जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद चीन ओततो, वर्षाला सुमारे 100 कोटी टन. भारताचं उत्पादन 2024 मध्ये 15 कोटींच्या आसपास होतं. शांघायकडच्या इमारतींची कामं थंडावली की इथल्या भट्ट्यांना झळ बसते. तेव्हा ‘आम्हाला परदेशी बाजाराची भानगड नको’ असं म्हणणारा रायपूरकर त्या भानगडीत केव्हाचाच आहे, फक्त तिच्या तोट्याच्या बाजूने.

घराजवळची ठेव तरी निर्धोक? 2006 मध्ये याच शहरातली इंदिरा प्रियदर्शिनी महिला नागरिक सहकारी बँक बुडाली. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा एक लाख होती. 2020 पासून ती पाच लाख आहे. तेवढ्यापुरती जवळची ठेव ठीक, आणि पाच वर्षांत लागणारा पैसा तिथेच बरा.

2008चं वर्ष मला या बाबतीत सर्वांत बोलकं वाटतं. जगभर सगळंच एकदम कोसळलं, मग पैसा विखुरून काय मिळालं, असं विचारतात. सेन्सेक्स त्या वर्षी 52 टक्के पडला, अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक 38 टक्के. पण डॉलर सुमारे 39 रुपयांवरून 48च्या वर गेला, त्यामुळे रुपयांत मोजलं तर अमेरिकेतला तोटा जेमतेम पाव भरतो. पोलाद पडतं तेव्हा बहुधा रुपयाही पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी डॉलरमधली गुंतवणूक घराला हात देते. परतावा जास्त मिळेल म्हणून परदेशात जाणाऱ्यांशी माझं पटत नाही ते यामुळे. सिलतरात पगार होत नाही त्या महिन्यासाठी जायचं.

दर जानेवारीत येणारे ‘यंदा जग कुठे जाणार’ छापाचे अहवाल मी चाळून बाजूला ठेवतो. त्यांतला व्याजदरांचा भाग तेवढा वाचतो, कारण 2022 मध्ये अमेरिकेने व्याज शून्याजवळून चार टक्क्यांच्या वर नेलं तेव्हा शेअर आणि रोखे हातात हात घालून पडले होते. सध्या मला खटकतं ते वेगळंच. जागतिक म्हणून विकल्या जाणाऱ्या निर्देशांकात साठ टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या अमेरिकेचा आहे, आणि त्यातही मोठा भाग मूठभर तंत्रज्ञान कंपन्यांचा. 1989 च्या अखेरीस जपानविषयी असाच भरवसा होता. निक्की निर्देशांकाला तेव्हाची उंची पुन्हा ओलांडायला 2024 चा फेब्रुवारी उजाडला. म्हणून रायपूरच्या घराने बाहेर जाताना युरोप आणि जपानसुद्धा मुद्दाम वेगळे घ्यावेत, निर्देशांक देतो त्याहून थोडे अधिक, आणि चीन मात्र कमी. त्याचा वाटा सळईच्या भावातून घरात आधीच आलेला आहे.