गोंगाट कशाला म्हणायचं?

मिक्सिंगचं नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की वाटतं, समोर कोरी पाटी आहे. पण ती कोरी नसते. रीपरमध्ये नवा प्रोजेक्ट सुरू केला की वेग आधीच मिनिटाला १२० ठोके आणि ताल चार-चारचा धरलेला असतो. पडद्यावर उभ्या रेषा आखलेल्या असतात आणि आवाजाचा तुकडा सरकवला की तो जवळच्या रेषेला जाऊन चिकटतो. गाणं अजून आलेलंच नाही, पण त्यानं कसं यावं हे थोडंफार ठरून गेलंय.

अर्थात हे सगळं बदलता येतं. शिवाय रीपर पहिले ६० दिवस फुकट वापरता येतं. त्यामुळे जळकोटसारख्या गावात, घरातल्याच एका खोलीत, खिडकीला गोधडी टांगून सुरुवात करणाऱ्याला ते परवडतं. मीही तशीच केली. आठ-पंधरा दिवसांत ट्रॅक, फेडर, इक्वलायझर कळायला लागतात. खरी अडचण त्यानंतर येते आणि तिचं उत्तर कुठल्याही ट्युटोरियलमध्ये नसतं.

माझ्यासाठी ती अडचण म्हणजे गोंगाट काढणारा प्लगइन. त्याची रीत सोपी आहे. रेकॉर्डिंगमधला, कुणीही गात नसलेला एखादा सेकंद निवडायचा आणि तो प्लगइनला ऐकवायचा. कोणत्या पट्टीत किती खरखर आहे, याचा तो नमुना तयार करतो आणि अख्ख्या ट्रॅकमधून तेवढी वजा करतो. म्हणजे गोंगाट काय असतो हे त्याला माहीत नसतं. ते आपण दाखवायचं. बटण दाबण्याआधी तो जणू विचारतो, ‘नको ते कोणतं, सांग.’

माझ्यासमोर होत्या गल्लीतल्या एका आजीच्या ओव्या. दळण आता गिरणीत जातं, जातं कोपऱ्यात पडून असतं. पण जात्याशिवाय ओवी येईना, म्हणून आजीनं मूठमूठ ज्वारी घालत ते फिरवलं. रेकॉर्डिंगमध्ये ओवीच्या मागे जात्याची घरघर आहे, काकणं आहेत, पंखा आहे, लांबून एसटीचा हॉर्न आहे. प्लगइनच्या लेखी पंखा आणि जातं एकच, दोन्ही सतत चालणारे आवाज. ओवीच्या लेखी मात्र जातं हाच ताल. दाणे पडले की फेरा जड होतो आणि शब्द लांबतो. हात बदलला की श्वासही बदलतो. पंखा काढताना मला विचार करावा लागला नाही. जात्यापाशी मात्र हात थांबला.

हा प्रश्न फक्त स्टुडिओवाल्यांचा नाही. तुमच्या हातातला फोन रोज हेच ठरवतो. व्हिडिओ कॉलवर कुणी पेटी वाजवली की सूर मध्येच तुटतात, कारण माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं दाबायचं, असं त्या ॲपला शिकवलेलं असतं. झूममध्ये संगीतवाल्यांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याची वेगळी सोय द्यावी लागली, ती यामुळेच.

सुराचंही तेच. ऑटो-ट्यून १९९७ साली बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. सूर सरकला की सॉफ्टवेअर त्याला ठरवून दिलेल्या जवळच्या स्वरावर नेऊन बसवतं. पण सप्तकात स्वर बाराच, हे गृहीत धरलेलं असतं. दरबारी कानड्यातला आंदोलित गंधार अशा एका ठिकाणी बसत नाही. आजीची ओवीही दोन स्वरांच्या मधल्या जागेवर येऊन टेकते. सॉफ्टवेअर म्हणणार, चूक. पण दर ओवीला आवाज त्याच जागी टेकत असेल, तर ती चूक की तिची चाल?

आपल्याकडे हा वाद नवा नाही. पेटीचे स्वर बांधलेले, त्यावर मींड निघत नाही, म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. १९७१ पर्यंत ती होती. आक्षेप खोटा नव्हता. तरी नाट्यसंगीतात आणि गावोगावच्या भजनात पेटी राहिलीच. गाणाऱ्यानं दोन पट्ट्यांमधली जागा गळ्यानं भरून काढली. म्हणून यंत्र आलं की गाणं मेलं, हे मला पटत नाही. पण पेटी गळ्याच्या शेजारी बसते, गळ्यात हात घालत नाही. सूर सुधारणारं सॉफ्टवेअर थेट गळ्यात शिरतं, आणि तेही गाणारी घरी निघून गेल्यावर.

म्हणून मी दोन मिक्स केले. एकात जातं पूर्ण ठेवलं, दुसऱ्यात दबकं. दोन्ही आजीला इअरफोनवर ऐकवले. मला वाटलं होतं, जात्याचा मिक्स आवडेल. आजी म्हणाली, “जात्याचा आवाज कमी कर की रं लेकरा, शब्द कळंनात. आन् देवळातल्या भोंग्यावानी घुमू दे जरा.”

इथे माझी खरी परीक्षा होती. जात्याची घरघर मला हवी होती, कारण मी कधी दळलं नाही. मला त्यात ‘अस्सल’ काहीतरी ऐकू येत होतं. जिनं पहाटे उठून वर्षानुवर्षं दळलं, तिला त्या आवाजाचं कौतुक का असावं? तिला तिचे शब्द ऐकू यायला हवे होते. माणसाचा आवाज गुळगुळीत करून टाकणं ही जबरदस्ती असेल, तर आपल्या हौसेसाठी तो खडबडीत ठेवणं हीही जबरदस्तीच. मी जातं कमी केलं आणि रिव्हर्ब चढवला.

पण मूळ फाइल मी जपून ठेवली. रीपरमध्ये प्लगइन मूळ रेकॉर्डिंगला हात लावत नाही, बंद केला की जुना आवाज तसाच ऐकू येतो. व्हॉट्सॲपवर मात्र फिरतो तो शेवटचा मिक्स. ऐकणाऱ्याच्या हातात तो प्लगइन बंद करायचं बटण नसतं. म्हणून ती जबाबदारी करणाऱ्याची.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज ऐकायला मिळतात, माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली रेकॉर्ड केलेल्यासुद्धा. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, वय, रेकॉर्डिंगची तारीख असते. आमच्या लॅपटॉपवर मात्र ‘फायनल मिक्स ३’ एवढंच.

सॉफ्टवेअर शिकताना मी इतकं धरून चाललोय: गाणारी समोर असेल तर तिला विचारायचं आणि तिचं ऐकायचं. ती नसेल तर कमीत कमी हात लावायचा. मूळ आवाज ठेवायचा आणि फाइलला तिचं नाव द्यायचं. बाकी कॉम्प्रेसर वगैरे सवयीनं जमत जातं.