वजन कोणी उचलायचे?

'हलका' हा शब्द आपण किती निरनिराळ्या अर्थांनी वापरतो! ओझे हलके झाले की बरे वाटते. माणूस हलका निघाला की वाईट वाटते. भारी कापड म्हणजे उंची कापड, आणि बोलण्याला वजन असावे अशी आपली अपेक्षा असते. मग एखाद्या वस्तूचे वजन कमी करणे ही सुधारणा म्हणायची की घट? शिकारीच्या एका जुन्या बंदुकीच्या दोन प्रकारांवरून हा प्रश्न तपासून पाहता येईल.

ही बंदूक म्हणजे अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याची 'ऑटो-5'. मोबदल्यावरून विंचेस्टर कंपनीशी त्याचे जमले नाही, तेव्हा 1902 साली त्याने हे काम बेल्जियममधल्या एफएन कारखान्याकडे नेले. तिथे ती अनेक दशके बनत राहिली. पुढे जपानमध्ये तयार होऊ लागली आणि 1998 च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मॅगझीनमध्ये चार आणि नळीत एक अशी पाच काडतुसे, म्हणून हे नाव. मूळ बारा बोअरची बंदूक भरते सुमारे आठ पौंड. दुसऱ्या महायुद्धानंतर 'लाइट ट्वेल्व्ह' हा हलका प्रकार आला. तो सुमारे सव्वासात पौंडांचा. लाकूड आणि नळीची लांबी यांनुसार हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण फरक साधारण पाऊण पौंडाचा, म्हणजे तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा.

तळ्याकाठी दबा धरून बदकांची वाट पाहणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण तित्तिरांच्या मागे दिवसभर माळ तुडवणाऱ्याचे हात संध्याकाळी नक्की सांगतील की पाऊण पौंड म्हणजे काय. इथवर हलकीच सरस.

आता दुसरी बाजू. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम आम्ही शिक्षक वर्गात शिकवतो. काडतूस तेच, छर्रे तेच. बंदूक तेवढी हलकी. अशी बंदूक अधिक वेगाने मागे येते, आणि गणित केले तर धक्क्याची ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. हातावरचे ओझे उतरले ते खांद्यावर बसले. शिवाय जड बंदूक उडत्या पक्ष्याबरोबर एकदा फिरू लागली की संथपणे फिरत राहते. हलकी चटकन उचलली जाते, पण चटकन थबकतेही. ती थबकली की छर्रे पक्ष्याच्या मागे पडतात. पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातो. तेव्हा शिकाऱ्याने वाचवलेल्या ओझ्याची किंमत कधी कधी पक्ष्याला मोजावी लागते. वजन नाहीसे होत नाही, ते फक्त उचलणारा बदलते.

तरीही माझ्या मते खरा नैतिक प्रश्न या पाऊण पौंडात नाही. तो दोन्ही प्रकारांत सारख्याच असलेल्या यंत्रणेत आहे. चाप ओढला की नळी आणि बोल्ट एकत्र मागे सरकतात. मग नळी आधी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर पडते, आणि पुढे येणारा बोल्ट नवे काडतूस आत सारतो. म्हणजे पहिल्या वाराचा धक्काच दुसऱ्या वाराची तयारी करतो. दुनळी बंदुकीत दोन बार झाले की ती उघडावी लागे, काडतुसे भरावी लागत. त्या चार क्षणांत माणूस स्वतःला विचारू शकत होता: अजून हवे आहे का? नव्या यंत्राने श्रम वाचवले, आणि हा प्रश्न विचारायची सवडही काढून घेतली.

ही सवड कायद्याने परत आणली. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने 1907 मध्ये अशा बंदुकीने शिकार करण्यावर बंदी घातली. 1935 पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत तीनच काडतुसांची मर्यादा देशभर आली. मॅगझीनमध्ये खुंटी बसवून उरलेली जागा अडवावी लागे. ज्या यंत्रासाठी इतकी बुद्धी खर्च झाली, त्याला आवरायला एक साधी खुंटी पुरली!

यावर कोणी म्हणेल, दोष यंत्राला कशाला? हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेतील प्रवासी कबुतर एके काळी अब्जावधींनी होते. त्यांच्या जातीतील शेवटची मादी 1914 मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्यांचा संहार जाळ्यांनी आणि साध्या बंदुकांनीच झाला होता. ऑटो-5 आली तेव्हा रानातली कबुतरे जवळपास संपली होती. हाव असली तर साधे हत्यारही पुरते. परंतु यावरून हत्यार निर्दोष ठरत नाही. हावेला पूर्वी निदान दमावे तरी लागत असे.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्या यांनी शिकारीची वाट जवळजवळ बंद केली आहे. म्हणून हा प्रश्न परका समजायचे कारण नाही. प्रत्येक सोय आपले कष्ट कमी करते. तिने कष्टांबरोबर आपला विचारही कमी केला का, हे मात्र ज्याचे त्याने पाहायचे असते. बंदूक आठ पौंडांची घ्यावी की सव्वासात, हे दुकानात ठरते. चाप ओढण्याचे वजन तराजूत येत नाही. ते मनानेच उचलावे लागते, आणि तिथे हलका प्रकार निघालेला नाही.