नांदण्याचा हुकूम

पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात सकाळी अकराच्या सुमारास गेलात, तर वकिलाच्या नोटिशी हातात घेऊन बसलेल्या बायका दिसतात. त्यांतल्या बऱ्याच नोटिशींचा मजकूर ठरलेला असतो : तुम्ही सबळ कारण नसताना घर सोडून गेला आहात, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत नांदायला यावे, अन्यथा आमच्या अशिलास दावा दाखल करावा लागेल. हे हिंदू विवाह कायद्याचे कलम ९. वकील मंडळी नुसते ‘सेक्शन नाईन’ म्हणतात.

कायद्याच्या नावात ‘हिंदू’ आहे, म्हणून ही आपली जुनी रीत असावी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हा दावा इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून इंग्रजांबरोबर इथे आला.

हे कोर्टात उघडपणे बोलले गेले ते रखमाबाईंच्या खटल्यात. अकराव्या वर्षी लग्न लागलेली ही मुलगी नवऱ्याकडे कधी राहायला गेलीच नाही. १८८४ मध्ये नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. इंग्लंडमधली ही तरतूद समजत्या वयात राजीखुशीने लग्न केलेल्यांसाठी आहे, अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीवर ती लादता येणार नाही आणि हिंदू कायद्यातही तिला आधार नाही, असे त्यांचे म्हणणे. यावर पुण्यातून टिळकांनी कडाडून टीका केली. धर्मरक्षणाच्या त्या लढाईत हत्यार मात्र विलायती होते.

अपील झाले, खटला पुन्हा चालला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिनाभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. ज्या देशाचा हा कायदा, त्या इंग्लंडने अशा हुकमासाठी तुरुंगात टाकणे १८८४ सालीच, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, बंद केले होते. लंडनच्या बाईला जी शिक्षा होऊ शकत नव्हती, ती मुंबईच्या बाईला सुनावली गेली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या.

आपल्याकडची कैद १९२३ मध्ये गेली, दावा तसाच राहिला. मे १९५५ मध्ये स्वतंत्र भारताने तो नव्या विवाह कायद्यात लिहून घेतला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, नव्वदीच्या रखमाबाई वारल्या. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये, आयर्लंडने १९८८ मध्ये रद्द केला. आपल्याकडे आंध्र हायकोर्टाने १९८३ मध्ये कलम ९ घटनाबाह्य ठरवले. पण मोडू पाहणारा संसार सांधण्यासाठी ते आहे, असे म्हणत सुप्रीम कोर्टाने पुढच्याच वर्षी ते उचलून धरले.

सांधले किती जातात? बायकोने पोटगीचा अर्ज केला की उत्तरादाखल नांदायला येण्याचा दावा ठोकायचा, हे वकिलांच्या रोजच्या पाहण्यातले. शिवाय हुकूम होऊनही वर्षभर दोघे एकत्र आले नाहीत, तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. घराबाहेर काढलेल्या काही बायकाही या कलमाचा आसरा घेतात, हे खरे. पण त्यांच्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात राहत्या घराचा हक्क आहे, आणि तो जास्त उपयोगी आहे.

इंग्लंडने टाकले म्हणून आपणही टाकावे, असे माझे म्हणणे नाही. कुणी कुणासोबत राहावे हे कोर्टाने ठरवू नये, एवढ्यासाठीच संसदेने कलम ९ रद्द करावे. तोवर नात्यातल्या, शेजारच्या एखाद्या मुलीला अशी नोटीस आलीच, तर तिला दोन गोष्टी जरूर सांगा. हुकूम झाला तर मालमत्तेवर टाच येऊ शकते, पण तिला तुरुंगात टाकता येत नाही की उचलून सासरी नेता येत नाही. आणि हुकूम पाळला नाही एवढ्यावरून तिची पोटगी आपोआप बुडत नाही. १० जानेवारी २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितले आहे.